परीक्षेत आलेलं गिधाड

आदल्या वर्षी बी.एस्सी.च्या तोंडी परीक्षेत माझी दातखीळच बसली होती. यंदाही तसंच झालं तर शिक्षण बंद आणि लग्न, असं घरात ठरलं होतं. ऐंशीच्या दशकात आमच्याकडे अशा गोष्टी मुलीला विचारून ठरत नसत. बाबा कोळशाच्या खाणीत कामाला. बल्लारपूरहून चंद्रपूरला जाताना गाडीत त्यांचं एकच चाललं होतं, "वाघाचंच विचारतीन. चंद्रपुरात दुसरं काय विचारतीन?"

नागपूरहून आलेल्या परीक्षकांनी बाबांचं निम्मंच ऐकलं. म्हणाले, "वाघ आणि गिधाड. तुलना करा."

वाघ मी घडाघडा म्हटला. सस्तन प्राणी, मार्जार कुळ, दाट जंगल, जवळ पाणी, संख्या घटलेली, शिकारीवर बंदी. मग गिधाड. पक्षी, घारीच्या कुळातलं, गावाबाहेरचा उघडा माळ, उंच झाडावर घरटं. धोका? काहीच नाही, हवी तेवढी आहेत. तेव्हा ते उत्तर बरोबर होतं. पोट तुडुंब भरलं की त्याला चटकन उडता येत नाही, पंख पसरून लांबवर धावावं लागतं, हेही सांगून टाकलं.

"हे पुस्तकात नाही. कुठे पाहिलंत?"

झालं! खरं सांगितलं तर जात उघडी पडणार, आणि गुण त्यांच्या हातात. गप्प बसले तर पुन्हा नापास. शिवाय मला रागही आला. मी काय चोरी केली होती? म्हटलं, "आमच्या गावी. छप्पन्न साली आम्ही बौद्ध झालो, तेव्हापासून आजोबांनी मेलेली ढोरं ओढणं सोडलं. मग ज्याचं ढोर त्यालाच ते बैलबंडीला बांधून माळावर न्यावं लागायचं. तिथं गिधाडं उतरायची. आम्ही पोरं बांधावर बसून पाहायचो."

परीक्षकांनी मान हलवली. "छान. पास आहात, जा." आणि पुढच्या मुलाला हाक मारली. एवढंच! मला हसू आवरेना. जिन्यावरून धावतच खाली आले.

फाटकाशी बाबा उभे होते. "वाघाचंच विचारलं ना?"

"वाघ आणि गिधाड. पास झाली मी, बाबा. आजोबांचं सांगितलं मी त्यांना."

"काय म्हणाले?"

"छान म्हणाले."

बाबा म्हणाले, "खाणीत लागलो तवा मलेबी साहेबानं विचारलं होतं, बाप काय करते म्हणून. मी म्हटलं, मेला."

आजोबा तेव्हा गावी धान रोवत होते.

"चाल," बाबा म्हणाले, "तुया आजोबाले आज मलेच सांगू दे."

बल्लारपूरची गाडी सोडून आम्ही गावाकडच्या एस.टी.त बसलो.