पदराचा सांधा

इळकलच्या विणकरांच्या गल्लीत सकाळी एखाद्या घरचा माग वाजला नाही, तर माणसं हळू आवाजात विचारतात, "काय झालं हो?" अशा गल्लीत दाक्षायणीनं पुढच्या खोलीत शिलाई मशीन मांडलं आणि कात्री चालवायला सुरुवात केली. समोरचे संगप्पा काका येता-जाता उंबऱ्याशी थांबायचेच.

"आम्ही विणून विणून मरायचं आणि हिनं कराकरा कापायचं! धन्य आहे बाई तुझी."

"काका, तुमची साडी कपाटात घडी होऊन पडते. माझा कोट चार लोकांत हिंडतो."

"हिंडू दे, हिंडू दे. साडीला बाह्या फुटल्या. आता शेपूट तेवढं फुटायचं राहिलं," असं म्हणून काका तिच्याकडचाच चहा पिऊन जायचे.

दाक्षायणी एकोणतीस वर्षांची. बंगळूरला दोन वर्षं कपड्यांचं डिझाइन शिकली आणि हातातली नोकरी सोडून गावी परतली. लोक म्हणाले, पोरीचं डोकं फिरलं. मला विचाराल तर डोकं ठिकाणावर होतं म्हणूनच परतली. इळकलच्या साडीचे कोट, सैल विजारी, गुडघ्यापर्यंतचे झगे ती शिवायची, आणि प्रत्येकाला खिसा असायचाच. बायकांच्या कपड्याला खिसा नाही, या गोष्टीचा तिला लहानपणापासून राग.

तिची आई इरव्वा. गल्लीत तिचं नाव होतं ते कोंडीसाठी. आपल्या साडीचं अंग आणि लाल रेशमी पदर यांचा ताणा, म्हणजे उभे धागे, वेगवेगळा असतो. मागावर चढवण्याआधी अंगाच्या धाग्याचा एकेक फासा पदराच्या फाशात अडकवायचा, असे शेकडो फासे. हा सांधा म्हणजे कोंडी. दोन-तीन तासांचं काम, आणि एकटीदुकटीचं नव्हे. एकीनं धागे ताणून धरायचे, समोरच्या बाईनं फासे घालायचे. दाक्षायणी सात वर्षांची असल्यापासून धरायला बसायची. घालायला मात्र अव्वानं, म्हणजे आईनं, तिला कधीच दिलं नाही. "तू धर. ओढून धर," एवढंच.

अशा आईच्या पोरीनं पहिला कोट शिवताना काय करावं? पदराजवळचा तो सांधा दोन बोटं रुंदीची पट्टी करून कापला आणि चिंध्यांच्या टोपलीत टाकला. बंगळूरला शिकवलं होतं, जोड तिथं कापड कमजोर. दुसऱ्या कोटालाही तेच, तिसऱ्यालाही तेच.

इरव्वानं टोपली पाहिली. ओरडली नाही, रडली नाही. दोन दिवसांनी भाकरी थापता थापता म्हणाली, "तुझ्या कापडाला इथून पुढं माझी कोंडी मिळायची नाही. कापायचंच आहे तर बिनसांध्याचं काप." त्यानंतर भाकरी गरम वाढायची, बोलणं मात्र गार. सुईत दोरा ओवायचा तरी शेजारणीला हाक मारायची, पोटच्या पोरीला नाही. दाक्षायणीला वाटायचं, किती हा ताठा!

आणि नेमकं बंगळूरच्या एका प्रदर्शनात तिला जागा मिळाली. सहा कोट हवे होते, महिन्याच्या आत. कागदावर कोट काढताना तिच्या लक्षात आलं की पदर आणि अंग जिथं भेटतात, तिथंच तिचं मन सारखं अडतंय. त्या ओळीवाचून कोट म्हणजे नुसतं चांगलं कापड. पण गल्लीत आता सगळे सांध्यावाचून, अंगासोबतच सलग पदर विणत होते. कोंडी उरली होती ती अव्वाच्या बोटांत.

मागायला तोंड नव्हतं. मग बाईसाहेबांनी स्वतःच करायचं ठरवलं. धाग्यांचं एक टोक खिडकीच्या गजाला बांधलं आणि फासे घालायला बसल्या. गज काही माणूस नाही. फासा घालताना हात जड पडला की समोरचं माणूस जरा सैल सोडतं, पुन्हा ओढतं, ते गजाला कुठलं कळायला? दुपारपर्यंत निम्मे फासे निसटले. संगप्पा काका डोकावले, पण या वेळी हसले नाहीत.

"पोरी, खिडकीशी कसली कोंडी घालतेस? माजघरात जा की."

ती गेली. अव्वा ट्रंक उघडून बसली होती. मांडीवर धुतलेल्या, घडी केलेल्या पट्ट्या होत्या. दाक्षायणीनं ओळखल्या. तिनंच टाकलेल्या, सगळ्याच्या सगळ्या.

"या कशाला ठेवल्यास, अव्वा?"

"तुझ्या लेखी केर. मी एकेकीपुढं तीन-तीन तास बसलेय. माणसानं केलेलं माणसानं असं टाकू नये गं."

"मला शिकवलं होतं... सांधा कमजोर असतो म्हणून."

"घे. ओढ."

दाक्षायणीनं पट्टी दोन्ही हातांत धरून ओढली. कापलेल्या कडांचे धागे भराभर सुटून मांडीवर पडले. तिनं आणखी जोर लावला. मधली ओळ जागची हलली नाही. अंगाचा करडा धागा लाल धाग्याला धरून होता तसाच राहिला.

तिला रडू फुटलं. "चुकलं माझं. कळायला हवं होतं मला. मीच तर धरत होते तुझ्यासमोर बसून."

"होतीसच की," इरव्वा म्हणाली, आणि पदरानं तिचं नाक पुसलं, लहानपणी पुसायची तसंच, जरा जोरातच.

मग दाक्षायणीनं कागद आणून दाखवला. सांधा पाठीवरून आडवा जाणार, या खांद्यापासून त्या खांद्यापर्यंत, अस्तराखाली न लपवता. इरव्वानं कागद डोळ्यांपाशी नेला, लांब धरला, पुन्हा जवळ आणला आणि मांडीवर ठेवला.

"बोटानं दाखव," ती म्हणाली. दाक्षायणीनं तिचं बोट धरून त्या रेघेवरून फिरवलं.

"बरं आहे. पाठीवर शोभेल."

"मग घालशील कोंडी? मी धरते."

इरव्वानं मांडीवरचा कागद घडी करून बाजूला ठेवला. "वर्ष झालं, दाक्षी. फासा दिसत नाही मला. राग होता, तो होताच. पण तुला सांगायचं कसं, म्हणून रागाच्याच आडोशाला बसले."

दाक्षायणीला सुईतला दोरा आठवला, शेजारणीला मारलेल्या हाका आठवल्या. स्वतःची लाज वाटली. आता सहा कोटांचं काय, हे त्या क्षणी तिच्या मनातही आलं नाही.

इरव्वा मात्र उठली. लाल धाग्यांची लड घेऊन भिंतीला पाठ टेकून बसली, जिथं इतकी वर्षं तिची पोर बसायची त्या जागी. धागे मुठीत गुंडाळून तिनं पाय रोवले.

"ये. बस समोर," ती म्हणाली. "मी ओढून धरलंय. आता तू घाल."