उभं झाड बघायला गेलेले साडू

सन २००१च्या एप्रिलमधल्या एका गुरुवारी संध्याकाळी, शारजातल्या रोल्लाजवळच्या आमच्या घरी, मी, माझी बायको, तिची थोरली बहीण ताई आणि ताईंचे यजमान, म्हणजे माझे साडू, असे चौघे हजर असताना साडूंनी सहा हजार दिरहम, म्हणजे तेव्हाचे पाऊण लाख रुपये, टीपॉयवर ठेवले आणि म्हणाले, "या सुट्टीत इंडिया नाही. इंग्लंड. झाडं बघायला." विलायतेला जाऊन लंडन न बघता परत आलेला माणूस अख्ख्या आखातात एकच, आणि तो माझा साडू. लोक त्यांना चक्रम म्हणतात. मी त्या प्रवासात बरोबर होतो, आणि मी म्हणत नाही. ज्यांना म्हणायचंय त्यांनी खुशाल म्हणावं.

साडू अबुधाबीत मुसफ्फातल्या एका सुतारकामाच्या कारखान्यात लाकडाच्या कोठाराचे इन्चार्ज होते. व्हिलांचे दरवाजे, जिने, कपाटं तिथे बनत. कंटेनर उघडला की ते आधी आत डोकं घालून वास घेत आणि मग कागद मागत. ओक, बीच, ॲश अशी विलायती लाकडं, आपला सागवान, सगळं त्यांना कापलेल्या तोंडावरून कळायचं. ही सवय त्यांनी कारखान्याच्या गेटवर कधी सोडली नाही. आमच्या घरी येताना त्यांनी बेल कधीच वाजवली नाही. बोटाच्या पेरांनी दार तीन ठिकाणी वाजवून बघत आणि मी उघडलं की म्हणत, "आतून पोकळ आहे हो. भाडं कमी करून मागा." हॉटेलात गेलो की बसण्याआधी खुर्ची उलटी करत. माझा मुलगा अभ्यासात ढिला पडला तेव्हा त्याच्याकडे बराच वेळ बघून म्हणाले, "ओला आहे अजून. घाई केली तर वाकेल. सुकू दे." मुलगा म्हणाला, "काका, आय ॲम नॉट अ प्लँक." साडू म्हणाले, "तेच तर दुःख आहे."

एकदा दुबईत एका बड्या मराठी कंत्राटदाराकडे आम्ही जेवायला गेलो होतो. यजमान नव्या डायनिंग टेबलावर हात फिरवत सांगत होते, सॉलिड ओक, शोरूमवाल्याने गॅरंटी दिलीय. साडूंनी हळूच नख टेबलाखाली नेलं. ताईंनी डोळे मोठे केले. मी पाय दाबला. उपयोग झाला नाही. "व्हिनियर! वर नुसता ओकचा पापुद्रा!" साडू ओरडले, आणि असा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर होता की यजमानांनाच पहिल्यांदा हसू फुटलं. पुन्हा बोलावणं मात्र आलं नाही.

अशा माणसाने उभं ओकचं झाड जन्मात पाहिलेलं नव्हतं. बीच नाही, ॲशही नाही. "वीस वर्षांवर मी त्यांची मढीच उतरवून घेतोय," ते त्या गुरुवारी म्हणाले. "एकदा जिवंत बघायचीत. डिसेंबरात कंपनी मला खलास करणार. मग पगार नाही, व्हिसा नाही, पुढे कोण जातंय?" अडचण एकच होती. मे महिन्यात मिळणाऱ्या त्याच दहा दिवसांत ताईंच्या भावाच्या मुलीचं कोल्हापुरात लग्न होतं. थोरले जावईच नाहीत म्हटल्यावर माहेरी ताई काय तोंड दाखवणार? ताईंनी समजावलं, रडून बघितलं, शेवटी म्हणाल्या, "झाडं कुठे पळून जातायत?" साडू म्हणाले, "मी पळून जातोय ना." त्या क्षणापासून ताईंनी त्यांच्याशी बोलणं बंद केलं. जे सांगायचं ते माझ्या बायकोमार्फत. चौथ्या दिवशी मात्र मला फोन आला. "भावोजी, तुम्ही बरोबर जा. एकटे गेले तर ते तिथेच बसतील, परत यायचे नाहीत." अशा रीतीने एकाच्या जागी दोन जावई लग्नाला गैरहजर राहिले. सासुरवाडीत त्याची चर्चा अजून चालते. चालू दे.

व्हिसाच्या खिडकीवरच्या बाईंनी विचारलं, कशासाठी जाताय? मी टुरिझम म्हणायला शिकवलं होतं. साडू म्हणाले, "मॅडम, ट्वेंटी इयर्स आय ॲम कटिंग युवर ट्रीज. नाऊ आय वॉन्ट टु सी देम स्टँडिंग." मी डोळे मिटले. बाई हसल्या आणि दोघांना व्हिसा मिळाला.

निघताना साडूंच्या हातात सुटकेस नव्हती, नायलॉनच्या दोरीने बांधलेलं पुठ्ठ्याचं खोकं होतं, वर मार्करने नाव. आखातातला माणूस इंडियाला जातो तसेच ते विलायतेला निघाले. खोकं ताईंनी बांधलं होतं, न बोलता. आत दशम्या आणि लसणाची चटणी होती.

लंडनहून तासभर आगगाडी, पुढे बस, आणि एका खेड्यात एका बाईंच्या घरी भाड्याची खोली. गावाबाहेर मेंढ्यांची कुरणं, मध्ये झुडपांची कुंपणं, आणि दुसऱ्याच्या शेतातून बिनदिक्कत जाणारी पायवाट. कोणी हटकेल म्हणून मी मागे रेंगाळत होतो. कुंपण ओलांडायला दोन पायऱ्यांची लाकडी घोडी होती. साडूंनी तिला नाक लावलं. "ओक!" पुढे चर्चचं दार लागलं. "ओक!" बाकाला हात लावून, "ॲश!" मी म्हटलं, साडूभाऊ, आज तुमचा दिवस आहे.

मग रान आलं. फाटकापाशी एक लाकडी पेटी होती, वर लिहिलेलं: गाडी उभी करण्याचे दोन पौंड. पहारेकरी कोणी नव्हता. आत शिरलो आणि आवाज बंद झाला. मुसफ्फातल्या करवतींची सवय झालेल्या साडूंच्या कानांना ती शांतता पहिल्यांदा दुखली असणार. झाडांखाली जमीन दिसेना इतकी निळी फुलं, पानांतून गाळून आलेला हिरवा उजेड, कुठेतरी एक पक्षी. मी साडूंकडे बघितलं. त्यांचा चेहरा उतरला होता. ते एका खोडाशी गेले, पेरांनी वाजवलं, वास घेतला. दुसऱ्याशी गेले. तिसऱ्याशी. अर्ध्या तासाने परत आले.

"काय झालं?"

"हिशेबनीस," मी अकाउंटंट म्हणून ते मला कायम हिशेबनीसच म्हणत, "एकही ओळखता येत नाही हो. सगळी सालीचे कपडे घालून उभी आहेत."

दिवसभर आम्ही फिरलो. शेवटी एका मोठ्या झाडाला टेकून दशम्या खाल्ल्या. साडूंनी भाचीचं लग्न सोडलं, बायकोचं बोलणं गेलं, आणि ज्यांच्यासाठी हे केलं ती मंडळी ओळख द्यायला तयार नाहीत. थोडं पुढे वादळात पडलेलं एक झाड कोणीतरी कापून ठेवलं होतं. कापलेलं तोंड बघून साडू बसल्या जागेवरूनच म्हणाले, "तो ॲश." आणि लगेच तोंड फिरवलं. "मेलेला आहे म्हणून ओळखला. याला काय अर्थ आहे?"

दुसऱ्या दिवशीची लंडनच्या दुमजली बसची दोन तिकिटं मी आधीच काढली होती. पैसे परत मिळणार नव्हते. सकाळी साडू म्हणाले, "तुम्ही जा. राणीला माझा नमस्कार सांगा. एक तरी ओळखल्याशिवाय मी इथून हलत नाही."

"चाळीस पौंड गेले, साडूभाऊ."

"मग माझ्यावर लिहा."

"आणि मी ताईंना काय सांगू?"

"सांगा, हरलो नाही म्हणावं अजून."

या वाक्यापुढे मला एकट्याने बसमध्ये बसवेना. मीही रानात गेलो. पावसाची भुरभुर होती. साडू पुन्हा खोडं वाजवत सुटले. तेवढ्यात कुत्र्याला घेऊन एक म्हाताऱ्या बाई आल्या, थोडा वेळ हे बघत उभ्या राहिल्या, आणि काही हरवलंय का, म्हणून विचारलं. साडूंनी खरं ते सांगितलं. बाई म्हणाल्या, "पण तुम्ही वर का बघत नाही?"

आम्ही दोघांनी वर बघितलं. वर पानं होती.

"पानं!" साडू माझ्यावरच खेकसले, जणू मीच लपवून ठेवली होती. "कंटेनरमध्ये पानं येत नाहीत हो! मला कधी सुचलंच नाही!"

बाईंनी एक खालची फांदी त्यांच्या हातात दिली. कोवळं पान, कडेला रेशमासारखी बारीक लव. मग त्या करड्या, गुळगुळीत खोडावर हात ठेवून म्हणाल्या, "बीच." साडू खोडाकडे बघत राहिले. काल ज्याला टेकून दशम्या खाल्ल्या ते हेच झाड. जिन्यांचे किती कठडे त्यांनी याचे मोजून घेतले असतील! त्यांनी तळहात खोडावर टेकवला. वाजवलं नाही, वासही घेतला नाही. बाई आणि कुत्रा निघून गेले तरी हात तसाच होता.

बाहेर पडताना ते पेटीपाशी थांबले आणि दोन पौंड आत टाकले. मी म्हटलं, अहो, ते गाड्यांसाठी आहे, आपण बसने आलोय.

"गाडी नसेल. मी उभा होतो ना दोन दिवस?"

परत आल्यावर अबुधाबीला ताईंच्या हॉलमध्ये पुन्हा आम्ही चौघे. ताई माझ्या बायकोला म्हणाल्या, "विचार त्यांना, एवढं काय बघून आलात?"

"एक झाड," साडू म्हणाले.

"एकच?" ताई थेट त्यांनाच म्हणाल्या, आणि बोलून गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं.

"एकच ओळखलं. पण उभं."

"कसं असतं?"

साडू सोफ्यावरून उठले, हॉलच्या मधोमध पाय रोवले, दोन्ही हात वर पसरले आणि बोटं हलवली. ताई रागावायच्या होत्या. पण पदर तोंडाला लावून हसत सुटल्या.

पुढच्या वर्षी ती दोघं कायमची कोल्हापूरला गेली. साडूंचे गुडघे गेले, तसे ते गॅलरीत बसून रस्त्यावरच्या झाडांची पानं बघायला लागले. मला फोनवर एकेक नाव सांगत. फळीवरून ओळखायचं त्यांनी सोडून दिलं. म्हणत, "ते कोणीही सांगेल."

२००४ साली कंपनीने मला कामासाठी लंडनला पाठवलं. निघायच्या आदल्या दिवशी ताईंचा फोन आला. "भावोजी, वेळ मिळाला तर त्या रानात जा. त्या पेटीत चार पौंड टाका. इथे आलात की हिशेब करू."

"चार का? साडूभाऊंचे दोनच होतात."

"दोन माझे."

"ताई, तुम्ही कुठे तिथे गेलात?"

त्या म्हणाल्या, "तीन वर्षं रोज ऐकतेय. उभीच आहे की मी तिथे."

रविवारी सुट्टी होती. मी गेलो. बीच जागेवर होता. मी वर बघितलं, मग हात लावला. फाटकापाशी येऊन दोन साडूंचे आणि दोन ताईंचे असे चार पौंड, म्हणजे तेव्हाचे साधारण सव्वातीनशे रुपये, पेटीत टाकले. आयुष्यात मी पावतीशिवाय पैसे दिलेले नाहीत. हे दिले. रानाला.