कुठला जॉन?

पेंट्रेवाइन गावच्या बेथेल चॅपलला घंटा नव्हती, आणि टेगवेन पारी होती तोवर घंटेची गरजही नव्हती. तिचा आवाज असा खणखणीत, की दारात उभं राहून हाळी दिली तर ओढ्यापलीकडच्या गायी घराकडे वळायच्या. गाव तिला टेगवेन घंटा म्हणायचं. यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नव्हतं. वेल्सच्या त्या खोऱ्यात आडनावांचा दुष्काळच. अर्धं गाव डेव्हिस, उरलेलं बहुतेक जोन्स. टोपणनावं नसती तर पोस्टमन रडकुंडीला आला असता.

चॅपल झाडणं, शेगडी पेटवणं, प्रार्थनेनंतर सगळ्यांच्या चहाचं बघणं, ही टेगवेनची कामं. शिवाय आवारातला दगडी क्रूस. पहिल्या महायुद्धात गेलेल्या गावच्या पोरांची नावं त्यावर कोरलेली होती. दर नोव्हेंबरात, स्मरणाच्या रविवाराआधी, ती ब्रश आणि धुण्याच्या सोड्याचं पाणी घेऊन क्रूस असा घासायची, जसं नदीवरून चिखल माखून आलेलं पोर घासावं. तोंडानं शेवाळाला शिव्या चालू असायच्या, चॅपलच्या आवारात खपतील एवढ्याच. आणि रविवारी सगळ्यांसमोर नावं वाचायचीही तिनंच.

त्या नावांत एकाखाली एक तीन जॉन डेव्हिस होते. पाथरवट परगावचा, त्यानं दिलं तसं कोरलं. टेगवेन मात्र वाचताना म्हणायची, "जॉन डेव्हिस, जॉन उद्या. जॉन डेव्हिस, जॉन दोनटोप्या. जॉन डेव्हिस, जॉन बटाटा." आणि लोक माना डोलवायचे.

जॉन उद्या हा मार्गेडमावशींचा मुलगा. कुठलंही काम सांगा, "उद्या करतो" ठरलेलं. त्याच्या आईच्या खुराड्याचं दार अजून एकाच बिजागरीवर लोंबत होतं. फौजेत नाव घालायला तेवढा तो आजच्या आज गेला. दोनटोप्याला थंडी सोसायची नाही, म्हणून एकीवर एक टोप्या. त्याचे पुतणे गावभर होते. बटाटा मात्र अनाथालयातून शेतावर कामाला आलेला. ना आई, ना बाप, ना घर. सुगीच्या जेवणात त्यानं टोपलीभर उकडलेले बटाटे एकट्यानं फस्त केले आणि त्याच पंगतीत त्याचं बारसं झालं. गावात त्याच्यामागे उरला होता तो हा एवढा शब्द. आणि टेगवेन. एक उन्हाळा ती दोघं ओढ्याकाठानं हिंडली होती. हे कुणाला म्हणजे कुणाला ठाऊक नाही, अशी तिची जवळजवळ पन्नास वर्षांची समजूत होती. लग्न तिनं केलंच नाही.

त्या वर्षी चॅपलला नवे पाद्री आले, एमलिन प्रॉसर. माणूस सज्जन, पण शहरातून आलेला, त्यामुळे जरा कडक इस्त्रीचा. क्रूस घासत असलेल्या टेगवेनजवळ येऊन ते म्हणाले, "टेगवेनबाई, रविवारी कर्नलसाहेब येणार आहेत. यंदा तेवढे ते बटाटे-टोप्या नकोत. हुतात्म्यांची नावं आहेत, शोभत नाही."

"मग कुठला जॉन ते कळायचं कसं, पाद्रीसाहेब?"

"देवाला कळतं."

"देवाला कळतंच हो. पण मी काय देवाला वाचून दाखवत नाही."

"एवढं माझं ऐका."

पाद्रीसाहेबांचा शब्द मोडायची रीत नव्हती. टेगवेननं "बरं" म्हटलं आणि तिसरं नाव पुन्हा घासायला घेतलं. बटाटा म्हटलं नाही तर तो कोण उरणार होता? तळाचा एक डेव्हिस. तिला भडभडून आलं, रागही आला, आणि तो सगळा बिचाऱ्या शेवाळावर निघाला.

रविवारी सगळे आवारात जमले. कोटांवर युद्धात गेलेल्यांच्या आठवणीची कागदी लाल फुलं, कर्नलसाहेबांच्या छातीवर पदकं. मार्गेडमावशींना घोंगडी गुंडाळून पुढे खुर्चीत बसवलं होतं. त्या नव्वदीच्या, आणि बहिऱ्या सोयीपुरत्या.

"जॉन डेव्हिस," टेगवेननं वाचलं आणि ती थांबली.

"कुठला?" मार्गेडमावशींनी विचारलं.

पाद्री खाकरले.

"अगं, कुठला जॉन? गारठ्यात आणून बसवलंय मला. नीट वाच की."

मागून पोस्टमन म्हणाला, "तुमचाच, मावशी. जॉन उद्या."

"मग तसं म्हणायला तोंड दुखतं का?"

"जॉन डेव्हिस," टेगवेन म्हणाली.

"आता हा कुठला?"

"दोनटोप्या!" सगळे पुतणे एका सुरात ओरडले. कर्नलसाहेबांच्या मिशा हलल्या.

"जॉन डेव्हिस."

"कुठला?"

या खेपेला कुणी बोलेना. बटाट्याच्या वतीनं उत्तर द्यायला त्याचं होतं कोण? लोक टेगवेनकडे बघायला लागले. पाद्र्यांना तिनं शब्द दिला होता, बटाटा म्हणायचं नव्हतं.

"माझा," ती म्हणाली.

म्हणाली हळूच, पण ऐकू सगळ्यांना गेलं. मार्गेडमावशींनासुद्धा.

"ते आम्हाला ठाऊक आहे," मावशी म्हणाल्या. "अख्ख्या गावाला ठाऊक आहे. तुझ्या तोंडून निघायला एवढी वर्षं लागली. माझ्या जॉनचं नाव तुलाच द्यायला हवं होतं, टेगवेन उद्या."

आधी पोस्टमन हसला, मग पुतणे, मग सगळेच. टेगवेन हसत होती आणि रडतही होती. पाद्री प्रॉसर टोपी हातात घेऊन पुढे आले. "वाचा, टेगवेनबाई," ते म्हणाले. "तुमच्या पद्धतीनं वाचा."

तिनं पदर नसल्यामुळे बाहीनंच नाक पुसलं, छाती भरून श्वास घेतला आणि पुन्हा वाचलं.

"जॉन डेव्हिस. जॉन बटाटा. माझा."

ओढ्यापलीकडच्या गायींनी माना वर केल्या.