येते म्हणणारी हडळ

चिनी लोकांचा भुतांचा महिना सुरू झाला की इथे परदेशात, आमच्या क्वीन्सटाउनच्या इमारतीखाली शेजारी पितरांसाठी कागद जाळतात आणि टीव्हीवर हडळी नाचू लागतात. माझा नवरा जहाजावर इंजिनिअर. तो पुन्हा बोटीवर रुजू व्हायच्या आदल्या दुपारी आम्ही तिघं असाच एक चिनी सिनेमा बघत बसलो. भूतखेत मला मुळीच झेपत नाही, पण आठ वर्षांच्या लेकीपुढे भित्री ठरायची माझी तयारी नव्हती.

गोष्ट साधी होती. सासरच्यांनी विहिरीत ढकललेली नवी नवरी सूड घ्यायला परत येते. ओले केस, लांब बाह्या, या छपरावरून त्या छपरावर उडत जाणं. ज्याचा जीव घ्यायचा, त्याच्या दाराशी ती आधी एकच वाक्य बोलायची. खाली इंग्रजी अक्षरं उमटायची, आणि मराठीचा सराव व्हावा म्हणून मी लावलेल्या सवयीनं लेक सांगायची, "ती म्हणते, येते." मला हसू फुटलं. आपण घरातून निघताना जे म्हणतो, तेच ही बया मारायला येताना म्हणत होती. लेक मात्र हसली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी नवऱ्याच्या हातावर दही घातलं. खाली टॅक्सी आली होती. लिफ्टची वाट बघताना तो म्हणाला, "येतो गं."

लेकीनं रडत त्याची बॅगच धरली आणि इथल्या मुलांच्या इंग्रजीत म्हणाली, "डोन्ट से दॅट लाह. शी ऑल्सो सेड येते, देन एव्हरीवन डाय. बाबा, तू जातो म्हण."

भाजी आणायला निघालेला माणूसही 'जातो' म्हणाला, तर माझी आई त्याला थांबवून शब्द बदलायला लावायची. आणि हा तर समुद्रावर निघालेला. मी शिकलेली बाई, हे खूळ आहे हे मला कळतं, तरी मी घाबरले. नवरा माझ्याकडे बघत होता. लेकीचे डोळे पुसायला तो 'जातो'सुद्धा म्हणाला असता.

"ती येते म्हणाली, तेव्हा घरातलं कुणी काय म्हणालं?" मी घाईघाईनं लेकीला विचारलं.

"नोबडी. दे ऑल स्क्रीम."

"मग? येते म्हटलं की समोरच्यानं 'ये' म्हणायचं असतं. तिला कुणी म्हटलंच नाही, म्हणून ती तशी झाली."

हे मी वेळ मारून न्यायला बोलले, पण बोलता बोलता मलाच पटत गेलं. विहिरीत ढकललेल्या त्या पोरीची वाट बघणारं एकही माणूस अख्ख्या सिनेमात नव्हतं. एवढ्या उड्या मारून ती कुणाकडे येणार होती?

लेकीनं थोडा विचार केला आणि बॅग सोडली. तो "येतो" म्हणाला, ती "ये" म्हणाली, आणि लिफ्टचं दार मिटलं. तेव्हा माझ्या लक्षात आलं, लेकीला शिकवायच्या नादात मीच म्हणायची राहिले. मग बंद दाराकडे बघून मी मोठ्यानं म्हणाले, "ये रे. लवकर ये."

"बाबा गेला ऑलरेडी," लेक समजुतीच्या सुरात म्हणाली.

"गेला नाही म्हणायचं," मी म्हणाले. "यायला निघालाय."