कोपऱ्यातली टकटक

टेस्टर तात्या आमच्या ओसरीवरच्या लोखंडी खुर्चीत कधी थेट बसले नाहीत. आधी खिशातला टेस्टर काढून खुर्चीच्या दांड्याला लावायचे, दिवा पेटत नाही ना ते बघायचे, मग टेकायचे. "इचारल्याबिगर बसू न्हाई, बाई," म्हणायचे. अहो, खुर्चीत कुठून येणार करंट? पण तात्यांपुढे बोलायची सोय नव्हती. कोल्हारात रेडिओपासून मोटरीच्या स्टार्टरपर्यंत सगळं तेच दुरुस्त करत. मी शाळेत शिकवते म्हणून, वयाने मोठे असूनही, मला 'बाई' म्हणत आणि माझ्या सासूबाईंना 'आक्का'.

आमच्या ह्यांचे ते जिवलग. हे भरल्या प्रवरेतून पैलतीर गाठणारे, आणि गेले ते आमच्याच विहिरीत. रोजच्यासारखे सकाळी पोहायला उतरले, चार हात मारले आणि उत्तरेच्या कोपऱ्यात गप्प झाले. हाक नाही, धडपड नाही. विहिरीच्या काठावर शेंदूर लावलेले सात दगड आहेत, साती आसरांचे. पाण्यातल्या ह्या सात बहिणींना विहीर भरली की निवद दाखवायचा, ही घरची रीत. त्या वर्षी सासूबाई लेकीकडे गेल्या होत्या, मी पेपर तपासत बसले आणि निवद राहिला. सासूबाई एकदाच म्हणाल्या, "तू इसरलीस, त्या न्हाई इसरल्या." पुन्हा त्यांनी विषय काढला नाही. मला ते एकदाच पुरलं.

तेव्हापासून विहिरीत कोणी उतरेना. त्या कोपऱ्यात आहे तरी काय ते बघायला तात्यांनी डोक्यात घेतलं की माणूस उतरायलाच नको, यंत्र उतरवू. रिमोटवर चालणारी छोटी पाणबुडी करायची आणि तिच्या पोटात कॅमेरा ठेवायचा. पीव्हीसी पाइपचा हातभर तुकडा, दोन्हीकडे झाकणं, खेळण्यातल्या गाडीचा जुना रिमोट, वळायला शेपटीला सुकाणू, आणि पाणी ओढून बुडायला एक मोठी सिरिंज. आमच्याकडे 'पाणबुडी' म्हणजे विहिरीतली मोटर. तात्या पाणबुडीचं काम करतायत म्हटल्यावर दोघेजण जळक्या मोटरी घेऊन त्यांच्या दारात हजर!

बिघाड शोधताना त्यांचं एक ठरलेलं होतं. "एका टायमाला एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या तर गुण कशाचा ते कळत न्हाई." आत दव धरलं, तर भाजलेले तांदूळ फडक्यात बांधून पोटात ठेवले. सुकाणू थरथरलं, तर मोटरीच्या टोकांवर चिमुकला कपॅसिटर डकवला. मग बॅटरी बदलली, मग एरिअलची वायर लांबवली. प्रत्येक गोष्ट तारीख घालून वहीत. शेजारच्या शेततळ्यात पाणबुडी शहाण्यासारखी फिरायची. आमच्या विहिरीत मात्र उत्तरेच्या कोपऱ्याशी गेली की रिमोटला जुमानायची नाही. नाक भिंतीला लावून थांबायची आणि सुकाणू आपलं आपण पाइपवर आपटायचं. टक. टक-टक. टक. विहिरीत तो आवाज घुमायचा.

एकदा तात्यांनी माझ्यादेखत रिमोटमधले सेल काढून मुठीत धरले. रिमोट मेलेला, तरी टकटक चालूच. सासूबाई हात जोडून पाण्याला विचारत्या झाल्या, "कोन हाय गं बायांनो? काय पायजे?" तात्या म्हणाले, "आक्का, भूत न्हाई. लूज कनेक्शन हाय." म्हणाले खरं, पण आवाज बारीक झाला होता.

मला तर वाटायचं, ही टकटक माझ्यासाठीच आहे. रात्री उशीवर डोकं टेकलं तरी ऐकू यायची. "तात्या, पुरे करा," मी हात जोडले. ते म्हणाले, "बिघाडाला भिऊन पळालं, तर तो घरात ऱ्हायला येतो, बाई."

उत्तर शेवटी वहीनेच दिलं. शेतीची लाईट एक आठवडा दिवसा असते, एक आठवडा रात्री. टकटक फक्त दिवसाच्या लाईटीच्या आठवड्यात व्हायची, विहिरीतली मोटर चालू असताना. तात्यांनी खिशातला रेडिओ सुतळीला बांधून कोपऱ्यात सोडला. जसजसा खाली गेला तसतशी खरखर वाढली. पाण्याजवळ तर नुसता कढ आल्यासारखा आवाज. तेवढ्यात लाईट गेली. खरखर थांबली, टकटक थांबली, आणि विहीर गप्प झाली.

तात्यांनी मेनचे फ्यूज काढून खिशात घातले, पायऱ्या उतरले आणि मोटरीची केबल हाताने वर ओढली. पाण्याखालून सांधा आला. टेप सुटलेली, तांबं हिरवं पडलेलं. मोटर चालू झाली की इथूनच करंट पाण्यात गळायचा आणि सुकाणू हलवायचा. टेपच्या टोकाला पांढऱ्या दोऱ्याची गाठ होती. अशी गाठ मारणारा गावात एकच माणूस.

ते वर आले. केबल आमच्यापुढे ठेवली. लपवली असती तर कुणाला कळणार होतं? "सांधा माज्या हातचा हाय," ते म्हणाले. "तवा पानी लई खाली हुतं. म्हनलं, आज टेप गुंडाळू, उद्या येऊन पक्का करू. तो उद्या ऱ्हायला. त्या साली पानी पयल्यांदा सांध्याच्या वर चढलं. आपला भास्कर पवत तिथं गेला, मोटर चालू हुती..."

सासूबाईंनी केबलकडे बघितलं. मग म्हणाल्या, "तुजा हात कच्चा न्हाई रं. आसरांनीच तुज्याकडनं कच्चं ठिवून घेतलं."

हे तात्या दर रविवारी चर्चला जाणारे, आसरांना जन्मात न मानणारे. पण त्यांनी विचारलं, "खरंच, आक्का?" आणि माझ्याकडे वळले. "बाई?"

मी नुसती मान डोलावली असती तरी तो माणूस वाचला असता, हे मला दिसत होतं. पण आसरांनी नेलं म्हटलं की निवद आला, आणि निवद विसरणारी मी. "नाही तात्या," मी म्हणाले. "सांधाच होता."

"व्हय," ते म्हणाले. "सांधाच."

नवी केबल त्यांनीच टाकून दिली. पाणबुडी त्या कोपऱ्यातून सरळ निघून गेली, तेवढं बघितलं आणि घरी गेले. नंतर आमच्या ओसरीवर ते चढले नाहीत. मीही बोलावणं धाडलं नाही. खोटं कशाला सांगू, मला हलकं वाटत होतं. आणि त्या हलकेपणाची वर्षभर किळस येत होती.

गेल्या वर्षी त्यांनी अंथरूण धरल्याचं कळलं, तेव्हा गेले. वाटभर वाक्य घोकत गेले होते. खाटेजवळ बसून म्हटलं, "तात्या, आसराच असतील हो. तुमचा सांधा असा सुटायचा नाही."

ते हसले. "आता कशापायी खोटं बोलता, बाई? मला तवाच कळलं हुतं, तुमी तसं का म्हनला ते. आक्कानं तुमच्यावर घातल्यालं मला ठाव हुतं." थोडा वेळ दम खाल्ला आणि विचारलं, "तुमी सुटला न्हवं?"

मी हो म्हणाले.

"मंग झालं तर," तात्या म्हणाले, आणि डोळे मिटून घेतले.