सरुबाईच्या बिनकडेच्या टोपल्या

सरुबाईवर माझ्याइतका कुणी चिडला नसेल. १९६४ साली मी आंदर मावळात ग्रामसेवक होतो. ठाकरवाडीतली ही बाई बांबूच्या टोपल्या विणायची. बाजाराच्या दिवशी डोंगर उतरून लोणावळ्याला जायचं, रस्त्यावर बसायचं, आणि खाकी डगला घातलेला नगरपालिकेचा शिपाई दिसला की बोचकं उचलून पळायचं, असं तिचं बारा वर्षं चाललं होतं.

त्या पौषात लोणावळ्यात आदिवासींच्या कलावस्तूंचा मेळा भरला. परीक्षकांना ज्याचं काम सर्वांत पसंत पडेल, त्याला बाजाराच्या छपराखाली कायमची जागा मिळणार होती. मी हातापाया पडून सरुबाईला नेलं.

मेळा झकास रंगला होता. कुणी मध विकत होतं, कुणी पानावर वरईचा भात आणि खुरासणीची चटणी वाढत होतं. एकीकडे ढोल घुमत होता. सरुबाईनं वीस टोपल्या मांडल्या आणि मी कपाळावर हात मारला. एकीचीही कड बांधलेली नव्हती! वर कामट्यांची टोकं नुसती पिंजारलेली. परीक्षक साहेब लांबूनच "अर्धवट काम" म्हणाले आणि पुढे गेले.

"मावशी, घात केलास की! कडा का नाही बांधल्या?"

"घेनारीन कोन त्ये ठावं न्हाई, मंग कड कुणाच्या बेतानं बांधू, भाऊ? माज्या सासूनं असंच शिकीवलंय."

मी नुसता धुमसत राहिलो. तेवढ्यात साहेबांच्या मागून त्यांच्या पत्नी आल्या आणि त्यांनी सहज एक टोपली उचलली. सरुबाईनं त्यांना ती कमरेवर घेऊन चार पावलं चालायला लावलं.

"बाई, तुमी डाव्या अंगाला घेता. कड उलट्या हातानं वळाया पायजे." आणि तिथंच बसून तिनं भराभर कड बांधून दिली.

बाईंनी टोपली कमरेला लावली. ती अशी काही बसली की त्या खळखळून हसल्या. "अहो, ऐकलंत का? मी मूळची डावरी आहे, हे चौदा वर्षांत तुम्हाला कळलं नाही, मावशींना पाहताक्षणी कळलं!"

साहेब चष्मा पुसू लागले. मग काय, बायकांची ही झुंबड! प्रत्येकीला चालून दाखवायचं होतं. दुपारपर्यंत एकही टोपली उरली नाही.

निकालाच्या वेळी साहेब रिकाम्या जागेपुढे थबकले. "इथं तर पाहायला काहीच नाही."

"आमच्याकडे पाहा ना," बाई म्हणाल्या. मागे आणखी एकोणीस जणी टोपल्या घेऊन उभ्या होत्या. साहेबांनी मुकाट्यानं कागदावर सरुबाईचं नाव लिहिलं. मला माझ्या चिडण्याची फार लाज वाटली.

पुढच्या बाजारी मी मुद्दाम छपराखाली गेलो. समोरून शिपाई आला आणि सरुबाई सवयीनं बोचकं उचलून चटकन उभी राहिली.

"कुटं चाललीस, मावशी?" तो म्हणाला. "बस की."

ती बसली. आणि मग डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत राहिली.