झालं का तुहं शवासन?

हे मी कोणालेच सांगतलं नाई. नवऱ्याले नाई, सख्ख्या बहिणीले नाई. तुमाले सांगून राहिली, कारण आता पोटात मावत नाई.

माही पोरगी पल्लवी तवा नववीत होती. घडीघडी डोकं धरून बसायची. डोळे तपासले — नंबर नाई. अमरावतीचे डॉक्टर म्हणे, गोळ्या कमी करा, रोज थोडा वेळ शांत पडू द्या. मुठी आवळायच्या, हळू सैल सोडायच्या. मंग खांदे, मंग कपाळ. "लेकरं चार दिवस करतात आणि सोडतात. तुमी ध्यान ठेवा."

ठेवलं न ध्यान! आमी वलगावचे फुलवाले. पोरगी शाळेतून आली की घरात झेंडूचा ढीग, हार ओवायचे, ते शहरात पोचवायचे — आणि ही बाई आत दार लोटून पडलेली! काय नखरे हायेत का? मले माहेरी डोकं दुखाची मुभा होती काय? "उठ वं, झालं का तुहं शवासन? फुलं सुकून राहिली!" रोज मी अशी ओरडायची. ती मुकाट उठून सुई-दोरा घ्यायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा जाऊन पडायची. लय चिवट. मले तिच्या त्या चिवटपणाचाच राग यायचा — आईले असा राग येते का, सांगा?

पुढच्या खेपेले डॉक्टरनं इचारलं, "रोज करते का ही?"

आणि मी — मी म्हटलं, "कायची करते, साहेब! आळशी हाय. सांगून सांगून थकली मी."

डॉक्टर तिलेच रागावले. मी बाजूले बसून ऐकत होती. पोरीनं माह्याकडे एकदा पाह्यलं. खाली मांडीवर तिची मूठ आवळली होती. मंग ती हळूहळू सैल झाली. पुन्हा आवळली, पुन्हा सैल झाली. मले सारं दिसत होतं. तरी मी बोलली नाई.

आता पल्लवी अकोल्याले होस्टेलात राहून नर्सिंग शिकते. परवा फोनवर सहज म्हणे, "आई, आता डोकं नाई दुखत वं फारसं. इथं मले कोणी मधातच उठवत नाई न."

मी म्हटलं, "बरं हाय मंग." आणि फोन ठेवून देला.